टक् आवाज येतो, पण ट्रॅक्टर उठत नाही



मृगाचा पाऊस पडला की गावात दोन प्रकारची माणसे दिसतात. एक, ज्यांचा ट्रॅक्टर पहाटेच वावरात गेलेला असतो. आणि दुसरी, जी ट्रॅक्टरभोवती गोळा होऊन उभी असतात. या दुसऱ्या माणसांसाठी आजचे हे सदर आहे.

परवा हिंगण्याजवळच्या एका गावी मुक्कामाला गेलो होतो. हिंगणा हे नागपूर जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण. एका अंगाला एमआयडीसीचे कारखाने, दुसऱ्या अंगाला पऱ्हाटी, सोयाबीन आणि तुरीची काळी वावरे. त्या एमआयडीसीत महिंद्र कंपनीचा ट्रॅक्टरचा मोठा कारखाना आहे. म्हणजे ज्या मुलखात ट्रॅक्टर जन्माला येतात, तिथलीच ही गोष्ट. पण हे दुखणे कोणत्याही एका कंपनीच्या ट्रॅक्टरचे नव्हे. जीप, मोटार, मालवाहू टेम्पो, ज्याला बॅटरी आणि सेल्फ आहे त्या प्रत्येकाला ते होते.

पाऊस चांगला झाला होता. सोयाबीनच्या पेरणीला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय हात घालू नये असे कृषी खाते सांगते. तेवढा झाला होता आणि जमिनीला वापसा आला होता. काळ्या जमिनीचा वापसा फार दिवस थांबत नाही, हे आपल्याला मी सांगायला नको. आणखी एक सर आली की चिखल, आणि ऊन तापले की वरची माती सुकते. बियाणे घरात, खत घरात, पेरणीयंत्र मागे जोडलेले. आणि ट्रॅक्टर उठेना.

"काय होऊन राहिलं काकाजी?" मी विचारले.

"चावी फिरवली का टक् करते, अन् चूप बसते जी," काकाजी म्हणाले. "शेजारच्या जीपची बॅटरी काढून लावून पाहिली, तरी तेच. मिस्त्रीले फोन केला. तो म्हणते सेल्फ गेला, बदला लागते. पण तो उद्याशिवाय येत नाही."

एवढ्यात मी पाहिले, की काकाजींचा थोरला मुलगा हातात पेचकस घेऊन मागच्या मोठ्या चाकापुढे वाकला आहे आणि सेल्फच्या दोन टोकांवर तो पेचकस टेकवायच्या बेतात आहे. तेवढ्यात काकू घरातून धावत आल्या.

"बाबू, बाहेर ये आधी तिथून! पेरणी एक दिवस मागं राहिली तरी चालन, पण तू बाहेर ये!"

मुलगा हिरमुसून बाजूला झाला. त्या माउलीने त्या दिवशी जे केले, ते शंभर मिस्त्र्यांनी केले नसते. का, ते पुढे सांगतो. आधी त्या 'टक्' आवाजाचा अर्थ समजून घेऊ.

टक् म्हणजे काय?

पूर्वी मोटार आणि ट्रॅक्टर सुरू करायला पुढून लोखंडी हँडल मारावे लागे. इंजिनाने उलटा हिसका दिला की मनगटाचे किंवा हाताचे हाड मोडत असे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग या इंजिनिअराने विजेवर चालणारा सेल्फ तयार केला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीत तो बसवला गेला. तेव्हापासून हँडलाची मारामारी हळूहळू संपली. आजही आपल्या ट्रॅक्टरचा सेल्फ त्याच तत्त्वावर चालतो.

सेल्फ ही एक छोटी पण फार जोरकस मोटर. तिच्या पाठीवर एक लहान डबा असतो, त्याला सोलेनॉइड म्हणतात. आपण चावी फिरवली की थोडीशी वीज त्या डब्यात जाते आणि त्यातला लोखंडी दांडा आत ओढला जातो. तो दांडा एकाच वेळी दोन कामे करतो. एका बाजूने सेल्फचे छोटे दातेरी चाक पुढे सरकवून इंजिनाच्या फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकवतो. दुसऱ्या बाजूने तांब्याचा जाड संपर्क जोडून बॅटरीची सगळी ताकद मोटरीला देतो. दांडा आत बसतो, त्याचाच तो 'टक्'.

म्हणजे टक् आवाज ही निम्मी चांगली बातमी आहे. चावी ठीक आहे, फ्यूज ठीक आहे, क्लच किंवा गिअरचा सेफ्टी स्विच ठीक आहे, डब्यापर्यंतची बारीक तार ठीक आहे. आजार त्याच्या पुढे आहे. आणि पुढे असून असून असणार किती ठिकाणी? बॅटरी, जाड तारा आणि त्यांचे जोड, सोलेनॉइडचा संपर्क, सेल्फची मोटर, आणि अगदी शेवटी इंजिन. एवढीच पाच घरे. चोर यातल्याच एका घरात आहे.

आवाज ओळखा

वैद्य जसा नाडी पाहतो तसा आधी आवाज ऐकावा. आवाजाचे चार प्रकार आहेत.

काहीच आवाज नाही: क्लच पूर्ण दाबला का, गिअर न्यूट्रलला आहे का ते पाहावे. मग फ्यूज, चावीचा स्विच आणि सेफ्टी स्विचच्या तारा. बॅटरीची तार साफ निखळली असेल तरी आवाज येत नाही. उन्हाळाभर उभ्या ट्रॅक्टरच्या तारा उंदीर कुरतडतात, तेही पाहावे.

टक-टक-टक-टक असा भराभर आवाज: ही बहुधा बॅटरी उतरल्याची खूण. दांडा आत ओढला जातो, मोटर वीज मागते, बॅटरीचा दाब कोसळतो, दांडा सुटतो, दाब परत चढतो, दांडा पुन्हा ओढला जातो. असा हा खेळ चालतो. कधी ढिल्या जोडामुळेही असा आवाज येतो.

एकच जोरदार टक्, मग शांतता: दांडा आत बसला पण मोटर फिरली नाही. जोड खराब, संपर्क जळलेला, मोटरीचे कार्बन झिजलेले किंवा इंजिन जाम, यांपैकी काहीतरी.

मोटर घरघर फिरते पण इंजिन फिरत नाही: सेल्फचे छोटे चाक, ज्याला मिस्त्री बेंडिक्स म्हणतात, ते घसरते आहे किंवा फ्लायव्हीलचे दाते झिजले आहेत. हे काम मिस्त्रीचेच.

काकाजींच्या ट्रॅक्टरचा आवाज तिसऱ्या प्रकारचा होता.

दिव्याची परीक्षा

आता दुसरी परीक्षा. तिला एक पैसा लागत नाही. ट्रॅक्टरचे पुढचे दिवे लावावेत आणि एकाने सीटवर बसून, गिअर न्यूट्रलला ठेवून, ब्रेक लावून चावी फिरवावी. दुसऱ्याने बाजूला उभे राहून दिव्याकडे पाहावे. ट्रॅक्टरच्या पुढे किंवा मागे कोणीही उभे राहू नये.

चावी फिरवताच दिवा विझत आला, तर बॅटरी उतरली आहे किंवा बॅटरीच्या वाटेवरचा जोड खराब आहे. दिवा जसाच्या तसा लख्ख राहिला आणि नुसता टक् झाला, तर वीज मोटरीपर्यंत पोचतच नाही. सोलेनॉइडचा संपर्क जळला असेल किंवा कार्बन झिजले असतील. बॅटरी भरलेली, जोड साफ, तरी दिवा एकदम मंद होतो, तर मोटर आतून अडकली असेल किंवा इंजिन जाम असेल.

काकाजींचा दिवा टक् बरोबर विझल्यासारखा झाला. "म्हणजे बॅटरीच," मुलगा म्हणाला. पण जीपची बॅटरी लावूनही तेच झाले होते. दोन बॅटऱ्या एकाच दिवशी कशा मरतील?

बॅटरी खरेच उतरली का, हे पाहण्याचे दोन मार्ग आहेत. एक, व्होल्ट मोजायचे मीटर. साधे मीटर काही शे रुपयांत मिळते आणि घरच्या मोटारपंपालाही उपयोगी पडते. ट्रॅक्टर रात्रभर उभा असताना १२.६ व्होल्ट दाखवले तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी, १२ च्या खाली गेली तर तिला चार्जिंगला नेले पाहिजे. चावी फिरवतानाही दाब ९.६ च्या खाली घसरता कामा नये. दुसरा मार्ग हायड्रोमीटरचा. झाकण उघडता येणाऱ्या बॅटरीच्या प्रत्येक घरातले आम्ल त्यात ओढून पाहायचे. १.२५० ते १.२८० आले तर भरलेली, १.२०० च्या आसपास तर निम्मी, १.१५० आले तर संपत आलेली. पाच घरांत आकडा चांगला आणि एका घरात खूप कमी, तर ते घर मेले. अशी बॅटरी चार्ज करूनही टिकत नाही.

काकाजींच्या गावातल्या बॅटरीवाल्याकडून हायड्रोमीटर आणला. सहाही घरांत १.२६० च्या आसपास. बॅटरी ठणठणीत होती.

जोड पाहा, जोड!

बंधूंनो, आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दिवा थोडी वीज घेतो, सेल्फ अफाट घेतो. पुढचे दोन दिवे मिळून फार तर १० अँपिअर घेतात. ट्रॅक्टरचा सेल्फ सुरुवातीला २०० अँपिअर आणि त्याहूनही जास्त ओढतो. आता तारेच्या एखाद्या जोडावर गंज चढला आणि तिथे ओहमच्या पन्नासाव्या भागाएवढा अडथळा झाला असे धरा. दिव्यासाठी तिथे व्होल्टचा पाचवा भाग वाया जातो, कळतही नाही. पण सेल्फसाठी २०० अँपिअरला सुमारे ४ व्होल्ट तिथेच जळून जातात. बारा व्होल्टांतले आठ उरले. एवढ्यावर इंजिन काय उठणार?

पाटाचे उदाहरण घ्या. पाटात गवत अडकले तर एका वाफ्यापुरते पाणी झिरपत येते, आपण म्हणतो पाणी आहे. पण सगळे वावर भिजवायला गेलो की शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही. विहीर भरलेली असते, पंप चांगला असतो. गवत काढायला हवे असते. दिवे लागतात म्हणून जोड चांगला आहे असे समजणे ही हीच चूक.

काकाजींच्या बॅटरीचे दोन्ही खांब स्वच्छ होते. जीपची बॅटरी जोडताना त्यांनी ते घासले होते. पण बॅटरीपासून निघणारी काळी तार शेवटी कुठे जाते, हे कोणी पाहिले नव्हते. ती तार ट्रॅक्टरच्या लोखंडाला जिथे बोल्टने बांधलेली असते, त्याला अर्थिंग म्हणतात. सगळी वीज बॅटरीत परत येते ती याच वाटेने. जीपची बॅटरी लावली तरी काळी तार तीच, बोल्ट तोच. विहीर बदलली, पाट तसाच राहिला.

मी जीपमधून जंपर केबल मागितली. तिचे एक टोक बॅटरीच्या वजा खांबाला लावले आणि दुसरे टोक, ट्रॅक्टर न्यूट्रलला आहे याची खात्री करून, इंजिनाच्या कोऱ्या लोखंडाला लावले. म्हणजे जुन्या अर्थिंगच्या शेजारी नवी वाट काढली. काकाजी सीटवर बसले, क्लच दाबला, चावी फिरवली. इंजिन एका झटक्यात उठले.

ट्रॅक्टर बंद करून आम्ही काळ्या तारेचा बोल्ट शोधला. गेल्या वर्षीच्या चिखलाचा आणि शेणाचा थर खरवडला तेव्हा आत पांढरा-हिरवा गंज दिसला. बोल्ट हाताने फिरत होता. उघडला, तारेचे टोक आणि त्याखालचे लोखंड घासून चकचकीत केले, वॉशर बदलला, आवळला. सेल्फ बदलायची गरज पडली नाही. खर्च एक वॉशर आणि अर्धा तास.

हात लावून जोड ओळखायची आणखी एक खूण आहे. चार-पाच वेळा चावी फिरवून झाल्यावर चावी काढून ठेवावी आणि प्रत्येक जोडाजवळ जपून, हलक्या हाताने चाचपावे. जो जोड गरम लागतो, तिथे वीज अडते आहे. एका वेळी सेल्फ १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये निदान अर्धा मिनिट थांबावे, नाहीतर मोटरच जळेल.

जोड घासण्याची रीत

चावी काढावी. हातातली अंगठी आणि कडे काढून ठेवावे. माउलींनी धातूच्या बांगड्या काढाव्यात. धातूचे कडे बॅटरीच्या अधिक खांबाला आणि लोखंडाला एकदम लागले तर क्षणात लालभडक होते.

आधी वजा खांबाची काळी तार काढावी, मग अधिकची लाल. हा क्रम का? आधी लाल काढायला गेलो आणि पाना लोखंडाला टेकला, तर सगळी बॅटरी पान्यातून वाहते. वजा आधी काढली की वाट तुटते आणि धोका जातो. जोडताना उलट: आधी लाल, शेवटी काळी.

पांढरा-हिरवा थर असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या ब्रशने धुवावे. हे पाणी बॅटरीच्या भोकांत जाऊ देऊ नये. मग सँडपेपरने खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू घासावी, कोरडे करावे, आवळावे आणि वरून व्हॅसलीन लावावे. आवळलेला क्लॅम्प हाताने हलता कामा नये.

काम करताना जवळ बिडी, काडी, दिवा नको. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. ठिणगी पडली की बॅटरी फुटते आणि आम्ल तोंडावर उडते. आम्ल डोळ्यात गेलेच तर लगेच स्वच्छ पाण्याने निदान १५ ते २० मिनिटे धुवावे आणि तडक दवाखाना गाठावा.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची मदत घ्यायची तर दोन्ही १२ व्होल्टच्या असाव्यात आणि दोन गाड्या एकमेकींना टेकलेल्या नसाव्यात. लाल केबल अधिक ते अधिक. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या वजाला, आणि तिचे शेवटचे टोक बंद ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते. ती बॅटरीजवळ पडू नये म्हणून ही काळजी.

जोड साफ, बॅटरी भरलेली, तरी टक् आणि शांतता असेल, तर सेल्फ उतरवून मिस्त्रीकडे न्यावा. पण त्याला सांगावे, "आधी कार्बन आणि सोलेनॉइडचा संपर्क पाहा." पुष्कळदा एवढ्यावर काम भागते, नवा सेल्फ लागत नाही. ट्रॅक्टर नाल्याच्या पाण्यातून गेल्यावर बंद पडला असेल तर मात्र सेल्फ मारूच नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल तर जोर लावल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. तिथे आधी मिस्त्री, मग चावी.

पेचकसाचा मोह

आता त्या पेचकसाविषयी. आपल्याकडे हा उपाय सर्रास चालतो. चावीने होत नाही, मग खाली उभे राहून सेल्फच्या दोन टोकांवर पेचकस टेकवायचा. ठिणगी उडते आणि इंजिन उठते. पण हा उपाय चावीला वगळतो, तसाच सेफ्टी स्विचलाही वगळतो. क्लच दाबलेला नसला, ट्रॅक्टर गिअरमध्ये असला, तर न्यूट्रल नसताना सेल्फ फिरू न देणारा जो पहारेकरी कंपनीने बसवला आहे, त्याला आपण झोपवतो. इंजिन उठताक्षणी ट्रॅक्टर पुढे झेप घेतो. आणि पेचकस धरलेला माणूस कुठे उभा असतो? नेमका मागच्या मोठ्या चाकापुढे. बाजूला व्हायला सेकंदही मिळत नाही. जुन्या धर्तीच्या डिझेल इंजिनाला ठिणगीची गरज नसते, म्हणून चावी बंद असली तरी ते सुरू होऊ शकते. "चावी तर बंदच आहे" या भरवशावर राहणाऱ्याला हे ठाऊक नसते. असे अपघात जगभर झाले आहेत. परदेशांत ट्रॅक्टरवर याविषयी धोक्याच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात.

त्या दिवशी इंजिन उठल्यावर मी मुलाला म्हटले, "बाबू, गिअरकडे बघ." आम्ही चावी फिरवायच्या आधी मी तो न्यूट्रल केला होता. पण तो खाली वाकला होता तेव्हा पेरणीयंत्र जोडताना टाकलेला दुसरा गिअर तसाच पडलेला होता. सुरुवातीला दिव्याची परीक्षा घ्यायला मी सीटवर चढलो तेव्हाच ते माझ्या लक्षात आले होते, पण काकूंसमोर बोललो नव्हतो. तो काही बोलला नाही. पेचकस खिशातून काढून त्याने हत्यारांच्या पेटीत ठेवला.

म्हणून कधीही, कितीही घाई असली तरी, सीटवर बसल्याशिवाय ट्रॅक्टर सुरू करू नये. सेफ्टी स्विच बिघडला म्हणून त्याच्या तारा परस्पर जोडून टाकू नयेत, दुरुस्त करावा. आणि दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून सुरू करायची पाळी आलीच तर मध्ये लहान मुले येऊ देऊ नयेत. नव्या, मोठ्या ट्रॅक्टरांत डिझेलचा पुरवठा इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने होतो. ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना २०२३ सालापासून धुराचे कडक नियम लागू झाल्यापासून असे ट्रॅक्टर वाढले आहेत. बॅटरी पार मेलेली असेल तर ते ओढूनही उठत नाहीत.

बॅटरी मरते कधी?

आपल्याला वाटते पावसाळ्यात. खरे तर ती मरते उन्हाळ्यात आणि कळते पावसाळ्यात. नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. उष्णतेने बॅटरीतले पाणी लवकर आटते, पट्ट्यांची झीज वाढते आणि ती उभ्या जागी लवकर उतरते. त्यात रब्बी संपल्यावर दोन महिने ट्रॅक्टर टिनाच्या शेडमध्ये उभा. मग मृगाच्या दिवशी आपण चावी फिरवतो आणि नशिबाला दोष देतो.

उपाय सोपे आहेत. ट्रॅक्टर बरेच दिवस उभा राहणार असेल तर काळी तार काढून ठेवावी. किंवा पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास इंजिन चालवावे, आणि तेही उघड्यावर, बंद शेडमध्ये नव्हे. झाकणाच्या बॅटरीत पट्ट्यांच्या वर सुमारे १० मिलिमीटर पाणी राहील एवढेच डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे किंवा नळाचे क्षाराचे पाणी घालू नये, आणि आम्ल तर घरी कधीच वाढवू नये. इंजिन चालू असताना मीटरवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले तर चार्जिंग नीट चालले आहे. तेवढे दिसले नाही तर आधी इंजिन बंद करून फॅन बेल्ट पाहावा. अंगठ्याने दाबल्यावर तो साधारण एक ते दीड सेंटिमीटर दबावा. ढिला बेल्ट अल्टरनेटर नीट फिरवत नाही आणि आपण दर वर्षी बॅटरी बदलत राहतो.

काकाजींनी त्या दिवशी दुपारपर्यंत निम्मे वावर पेरले. संध्याकाळी काकूंनी मला चहा देताना विचारले, "भाऊ, तो आवाज पुन्हा आला तर म्या कायले पाहू?" प्रश्न मला फार आवडला, कारण ट्रॅक्टर बंद पडतो तेव्हा घरचा धनी अनेकदा बाहेर असतो. मी त्यांना जे सांगितले तेच इथे देतो. हे कात्रण कापून शेडच्या भिंतीला लावून ठेवावे.

एक: चावी काढा, गिअर न्यूट्रल करा, ब्रेक लावा.
दोन: आवाज कोणता, ते लक्षात ठेवा. काहीच नाही, एक टक्, की टक-टक-टक.
तीन: दिवे लावून चावी फिरवा. दिवा विझतो की लख्ख राहतो ते पाहा.
चार: बॅटरीचे दोन्ही खांब आणि अर्थिंगचा बोल्ट हलतो का ते पाहा. घासा, आवळा.
पाच: बॅटरीचे पाणी आणि व्होल्ट तपासा.
सहा: एवढ्याने झाले नाही तर मिस्त्रीला बोलवा आणि वरच्या पाचही गोष्टी त्याला सांगा.
आणि सातवी, सर्वांत मोठी: पेचकस सेल्फला लावू नका, लावू देऊ नका.

वापसा पुन्हा येईल. एखादा दिवस उशिरा पेरलेले सोयाबीनही उगवते. ट्रॅक्टर कधी ना कधी उठतोच. चाकाखाली गेलेले माणूस मात्र उठत नाही.

पुढच्या खेपेला पेरणीयंत्राच्या नळ्या का तुंबतात आणि ओळी का मोकळ्या राहतात, ते पाहू.